उजेड वर, खत खाली

मे महिन्यात विहिरीत पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट अंगानं ठाऊक असते. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून हातपाय मारायचे दिवस असतात, तोवर पाणी कोमट, न्हाणीतल्यासारखं वाटतं. पुढे डबा सुटतो, धीर चेपतो आणि काठावरून पहिला मुटका मारला की परसभर खाली गेल्यावर पायांना एकदम झोंबणारा गारवा लागतो. हा गारवा हळूहळू वाढत गेलेला नसतो. मधेच कुठेतरी पाण्यात अदृश्य फरशी घातलेली असावी आणि आपण ती फोडून खालच्या खोलीत गेलो असावं, तसा तो लागतो.

ती फरशी खरीच असते. ऊन पाण्याला वरूनच तापवतं, तापलेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं आणि गार, जड पाणी खाली बसून राहतं. दोघांमधल्या या सीमेला शास्त्रात थर्मोक्लाइन म्हणतात. पोहणाऱ्याला ती गंमत वाटते, पण पाण्यात जगणाऱ्यांसाठी ती जन्ममरणाची रेघ आहे. तळ्यातली हिरवी सृष्टी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी शेवाळं आणि एकपेशीय वनस्पती, उजेडावर जगते आणि उजेड वर असतो. तिला लागणारं नायट्रोजन, फॉस्फरस, सिलिका हे खत मात्र मेलेल्या जिवांबरोबर खाली जात राहतं आणि तळाशी साठतं. उजेड वर, खत खाली. त्यात मधे ही फरशी. कुठल्याही तळ्याचं आयुष्य समजून घ्यायचं असेल तर तिथे या दोघांची गाठ कधी आणि कशी पडते, एवढं आधी विचारावं.

गाठ घालून देतो वारा. पण वाऱ्याला ही फरशी फोडणं किती जड जाईल हे पाण्याच्या तापमानावर ठरतं, आणि इथे पाणी फार चमत्कारिक वागतं. २४ अंशांचं पाणी २५ अंशांवर गेलं की त्याची घनता जेवढी घटते, ती घट ४ वरून ५ अंशांवर जाताना होणाऱ्या घटीच्या जवळजवळ तीसपट असते. म्हणून उष्ण प्रदेशातल्या तळ्यात वरच्या आणि खालच्या पाण्यात दोन-तीन अंशांचा फरक असला तरी फरशी घट्ट बसते. आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर जवळपास १,४७० मीटर खोल आहे. वरचं आणि तळाचं पाणी यांत अवघे काही अंश फरक, तरीही पहिल्या शे-दोनशे मीटरांच्या खाली तिथे प्राणवायू नाही. त्याखालचं सगळं पाणी मासा जगू शकणार नाही असं. एवढ्या प्रचंड सरोवरातल्या नावाजलेल्या रंगीत माशांची सगळी वस्ती वरच्या पातळ सायीत आहे. खत तळाशी पडून आहे, पण वर येत नाही.

गार पाण्याचं गणित वेगळं आहे. पाणी सर्वांत जड असतं ते सुमारे ४ अंशांना. त्याहून गार झालं की ते पुन्हा हलकं होऊ लागतं, आणि शून्याला बर्फ होऊन तरंगतं. शाळेच्या पुस्तकात हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलं, दोन गुण मिळवले आणि विसरलो. या एका वाक्यावर केवढं जग उभं राहू शकतं हे पाहायचं असेल तर दक्षिण सैबेरियात, बायकल सरोवरावर जावं. आणि जायचं तर मार्चमध्ये, ते पूर्ण गोठलेलं असताना.

बायकलचे आकडे सांगायचे तर ते पटकन सांगून मोकळं व्हावं, नाहीतर माणूस आकड्यांतच बुडतो. लांबी ६३६ किलोमीटर. सर्वांत जास्त खोली १,६४२ मीटर, म्हणजे आपल्या विहिरीच्या भाषेत नऊशेहून जास्त परस. वय अडीच ते तीन कोटी वर्षं. पृथ्वीवर द्रवरूपात, जमिनीच्या पृष्ठभागावर असलेल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे एक पंचमांश पाणी या एका सरोवरात भरलेलं आहे. तीनशेहून अधिक नद्या आत येतात आणि बाहेर पडते ती एकटी अंगारा. तिथल्या प्राण्यांपैकी निम्म्याहून अधिक जाती जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. स्थानिक लोक त्याला सरोवर म्हणतच नाहीत, समुद्र म्हणतात.

डिसेंबरात तिथली हवा उणे वीस अंशांच्या खाली उतरते, तरी सरोवर गोठत नाही. वरचं पाणी गार होतं, जड होतं, बुडतं आणि त्याच्या जागी खालचं थोडं कमी गार पाणी येतं. वरचा जाड थर असा ४ अंशांपर्यंत उतरेतो गोठण्याची गोष्टच नको. त्यात वादळं. तिथे प्रत्येक वाऱ्याला नाव आहे: नैर्ऋत्येकडून येणारा कुल्तुक, पूर्वेच्या खोऱ्यातून सुटणारा बारगुझिन, आणि पश्चिमेच्या डोंगरांवरून कोसळणारा, सर्वांत धसका घ्यावा असा सार्मा. पाणी ४ अंशांखाली गेलं की मात्र गार पाणी वरच थांबतं आणि जानेवारीत एके दिवशी वारा पडला की बर्फ धरतो. मग मेपर्यंत, उत्तरेकडे त्याहूनही पुढे, त्यावर झाकण असतं. ठिकठिकाणी मीटरभर जाड, दिवसरात्रीच्या तापमानफरकानं तडकताना तोफेसारखा आवाज करणारं.

इथे भाषेची एक अडचण आहे. आपण मराठीत फ्रीजमधल्या खड्यांनाही बर्फ म्हणतो आणि आकाशातून भुरभुरणाऱ्या कापसालाही बर्फच म्हणतो. हिम हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो कवितेत आणि भूगोलाच्या पुस्तकात राहतो. महाराष्ट्रात त्यानं काही अडत नाही. बायकलवर अडतं, कारण तिथली सगळी अन्नसाखळी या दोन शब्दांमधल्या फरकावर टांगलेली आहे. बायकलचा बर्फ, म्हणजे गोठलेलं पाणी, बऱ्याच ठिकाणी काचेसारखा पारदर्शक असतो. त्यावर उभं राहून खाली पाहिलं तर पायांखाली काळानिळा अंधार दिसतो आणि मन घाबरतं. या काचेतून ऊन आरपार खाली जातं. पण त्याच काचेवर वीतभर हिम पडून राहिलं, तर नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकाश तिथेच अडतो. बराचसा परत फेकला जातो, उरलेला कणाकणांत विखुरतो. एका तऱ्हेचं गोठलेलं पाणी म्हणजे खिडकी, दुसऱ्या तऱ्हेचं म्हणजे गोधडी.

बायकलचं नशीब असं की हिवाळ्यात तिथे आकाश निरभ्र असतं, हिम बेतानं पडतं आणि जे पडतं ते वारे झाडून नेतात. मार्च उजाडेपर्यंत दिवस बारा तासांचा झालेला असतो. वर हवा अजून गोठवणारी, पण काचेखाली ऊन पोचू लागलेलं. आणि तिथे, जवळजवळ शून्य अंशांच्या पाण्यात, पीक येतं.

हे पीक डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पतींचं. त्यांतली मुख्य आवलाकोसैरा बायकलेन्सिस, जुन्या पुस्तकांत मेलोसिरा. लांब साखळ्या करून राहणारी ही जात गारठ्यातलीच. पाणी तापलं की ती मागे हटते. तीन-चार वर्षांतून एखाद्या वर्षी ती एवढी माजते की तिथले शास्त्रज्ञ त्या वर्षाला मेलोसिराचं वर्ष म्हणतात, आपण आंब्याचं वर्ष म्हणतो तसं. बाकीच्या जगात शेवाळांचा हंगाम म्हणजे वसंत आणि उन्हाळा. इथे वर्षातलं एक मोठं पीक बर्फ असतानाच निघतं.

आता यात एक कोडं आहे. डायटमचं कवच सिलिकाचं, म्हणजे एका अर्थी काचेचं. ते जड असतं. उघड्या सरोवरात वारा पाणी ढवळत ठेवतो म्हणून अशा जड पेशी वर तरंगत्या राहतात. बर्फाचं झाकण लागल्यावर वारा पाण्याला शिवतसुद्धा नाही. मग या पेशी तळाशी का जात नाहीत? दीड किलोमीटर खाली गेलेल्या पेशीला पुन्हा ऊन दिसायची आशा फारशी नसते.

उत्तर त्या पाठ केलेल्या वाक्यात आहे. बर्फाला टेकलेलं पाणी शून्याच्या आसपास असतं, म्हणजे हलकं. काचेतून आलेलं ऊन त्याला जरा तापवतं. एरवी तापलेलं पाणी वर जातं. इथे मात्र पाणी शून्याकडून ४ अंशांकडे चाललेलं असल्यानं तापेल तसं जड होतं आणि बुडतं. त्याच्या जागी खालचं गार, हलकं पाणी वर येतं, तेही तापतं, तेही बुडतं. दिवसभर सूर्य असा झाकणाखालून पाणी ढवळत राहतो, आणि या मंद ढवळण्यात काचेची कवचं घेतलेल्या त्या जड पेशी तरंगत्या राहतात. उजेड पुरवणाराच त्यांना उजेडात धरूनही ठेवतो. तळ्यांविषयी मी जे काही वाचलं त्यात इतकी चपखल गोष्ट दुसरी नाही. अट एकच, वर हिम नको. हिम पडून राहिलं तर उजेडही जातो आणि ढवळणंही थांबतं. एका गोधडीत दोन्ही चुली विझतात.

पिकावर पाखरं येतात तसे या डायटमांवर एपिशुरा येतात. एपिशुरा बायकलेन्सिस हा जेमतेम दीड मिलिमीटरचा, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला जीव. उघड्या पाण्यात तरंगणाऱ्या प्राणी-प्लवकांचा बहुतेक सगळा भार त्याचाच. त्यालाही गारच पाणी लागतं. ऑगस्टमध्ये वरचं पाणी साधारण बारा-पंधरा अंशांवर गेलं की तो खाली सरकतो. एपिशुरावर लहान मासे, ओमुल नावाचा चवीचा मासा आणि मॅक्रोहेक्टोपस हा पारदर्शक, पोहणारा कवचधारी जगतात. या मॅक्रोहेक्टोपसची रोजची फेरी बघण्यासारखी. दिवसा तो शेकडो मीटर खाली अंधारात दडतो, कारण उजेडात मासे त्याला टिपतात. रात्र पडली की थवेच्या थवे वर चरायला येतात आणि पहाटे पुन्हा उतरतात. उजेड वनस्पतीला अन्न आणि या जिवाला धोका. एकाच सरोवरात एकाच किरणाचे असे दोन अर्थ.

त्याच्या मागोमाग वर-खाली करणारा मासा म्हणजे गोलोम्यान्का. खवले नाहीत, पोटात हवेची पिशवी नाही, अंग अर्धपारदर्शक आणि वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त चरबी. त्याची मादी अंडी घालत नाही, पिल्लं देते. हवेची पिशवी असती तर पाण्याच्या दाबाखाली ती चेपली असती. चरबी चेपत नाही, आणि तरंगायला तीच पुरते. म्हणून हा मासा पृष्ठभागापासून थेट तळापर्यंत कुठेही फिरू शकतो. उन्हात ठेवला तर तेल आणि काटे एवढंच उरतं, असं तिथले लोक सांगतात. आणि या माशावर जगतो नेरपा, फक्त गोड्या पाण्यात राहणारी सीलची जगातली एकमेव जात.

नेरपाची गोष्ट ऐकली की वर हिमाला लावलेले बोल मागे घ्यावे लागतात. नेरपाची मादी हिवाळ्याच्या शेवटी बर्फावर पिल्लू घालते, तेही उघड्यावर नाही, तर बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून झालेल्या उंचवट्यांशी जिथे हिमाचे ढीग साठतात, त्या ढिगांत कोरलेल्या गुहेत. खालून नखांनी कोरलेलं भोक, वर हिमाचं छप्पर. हिम नसेल तर पिल्लू वाऱ्याला आणि कावळ्यांना उघडं पडतं. म्हणजे डायटमला हिम नको आणि नेरपाला हवं. हा तंटा मिटवतो वारा. सपाट काचेवरचं हिम तोच झाडतो आणि नेऊन उंचवट्यांच्या आडोशाला तोच रचतो. एका ठिकाणी शेत, दुसऱ्या ठिकाणी घर.

बायकलचं पाणी किती नितळ, हे मोजायची रीत अगदी साधी आहे. १८६५ साली रोममधल्या आंजेलो सेक्की या धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं पोपच्या जहाजावरून एक पांढरी तबकडी दोरीनं समुद्रात सोडली आणि ती दिसेनाशी होईल ती खोली नोंदवली. आजही जगभर तळ्यांचं पाणी असंच तपासतात. आपल्याकडच्या धरणात पावसाळ्यात लाल-तपकिरी गाळाचं पाणी आलं की ही तबकडी हातभर खाली गेली तरी हरवते. खत भरपूर, उष्णता भरपूर आणि तरी उजेडावाचून शेवाळं उपाशी. बायकलमध्ये बर्फ सुटल्यावर ती चाळीस मीटरपर्यंतही दिसते. अर्थात सगळे रंग तिथवर पोचत नाहीत. पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गिळतं. सर्वांत खोल उतरतो तो निळा. काठाजवळच्या उथळ भागात हिरव्यागार स्पंजांची रानं आहेत, काही फांद्या मीटरभर उंचीच्या. स्पंज हा प्राणी, पण त्याच्या अंगात शेवाळ राहतं आणि ते त्याला साखर पुरवतं. म्हणून हा प्राणी झाडासारखा उजेडाच्या मर्यादेत बांधलेला आहे.

भौतिकशास्त्रज्ञांनाही या नितळपणाचा आणि बर्फाचा मोह पडला आहे. न्यूट्रिनो नावाच्या कणांचा माग काढण्यासाठी काचेच्या गोलांत बसवलेले प्रकाशसंवेदक तिथे किलोमीटरभर खोल पाण्यात टांगले आहेत. २०२१च्या मार्चमध्ये या न्यूट्रिनो-दुर्बिणीचं रीतसर उद्घाटन झालं. ती बांधायचा हंगामही हिवाळ्याचाच, कारण गोठलेल्या सरोवरासारखं भक्कम आणि फुकटचं व्यासपीठ कुठे मिळणार.

उरला प्रश्न खताचा. टांगानिकाची फरशी फुटत नाही, मग त्याहून खोल बायकलची कशी फुटते? तिथे तळापर्यंत प्राणवायू आहे, दीड किलोमीटर खालीही प्राणी राहतात. याचं एक कारण आपण पाहिलं, गार पाण्यात घनतेचा फरकच किरकोळ असतो. दुसरं कारण सूक्ष्म आहे. पाणी सर्वांत जड होण्याचं ते ४ अंशांचं तापमान कायम तेवढंच नसतं. दाब वाढला की ते उतरतं, दर शंभर मीटरला सुमारे ०.२ अंश. त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडाला वरचं ३ अंशांचं पाणी वर असताना हलकं असतं, बुडत नाही. पण वादळानं ते किनाऱ्याच्या उतारावरून पुरेसं खोल रेटलं, तर वाढत्या दाबाखाली तेच पाणी भोवतालच्या पाण्यापेक्षा जड ठरतं. मग त्याला ढकलावं लागत नाही, ते आपणहून तळाकडे घरंगळत जातं, जाताना प्राणवायू घेऊन जातं आणि खालच्या खतवाल्या पाण्याला वर सारतं. वाऱ्यानं फक्त उंबऱ्यापर्यंत आणून सोडायचं.

या प्राणवायूचा एक ठसा प्राण्यांच्या अंगावरही दिसतो. गार आणि गोड्या पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. बायकलमध्ये अँफिपॉड या कवचधारी जिवांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या काही, तितक्याच गार समुद्रातल्या भाईबंदांच्या मानाने, आकारानं दांडग्या आहेत. १९९९ साली नेचर नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानं या जिवांच्या कमाल आकाराचा संबंध थेट पाण्यातल्या प्राणवायूशी जोडला.

बायकलविषयी हे सगळं कळलं, त्यात एका घराण्याचा मोठा वाटा आहे. १९४५ साली, महायुद्ध संपता संपता, इर्कुत्स्क विद्यापीठाचे प्राध्यापक मिखाइल कोझोव्ह यांनी बोल्शिये कोती या खेड्यासमोरच्या पाण्यात एक जागा ठरवली आणि दर सात ते दहा दिवसांनी तिथलं तापमान, नितळपणा आणि प्लवकं मोजायला सुरुवात केली. उन्हाळ्यात होडीतून, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून. त्यांच्यानंतर हे काम मुलगी ओल्गा कोझोव्हा यांनी चालवलं, त्यांच्यानंतर नात ल्युबोव्ह इझमेस्त्येवा यांनी. राज्यं बदलली, देशाचं नाव बदललं, वही चालू राहिली. आपल्याकडे कीर्तनकारांची आणि वैद्यांची घराणी असतात. थर्मामीटरचं घराणं ऐकिवात नव्हतं.

२००८ साली इझमेस्त्येवा आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी त्या साठ वर्षांच्या नोंदींचं गणित मांडलं. १९४६पासून वरच्या पाण्याचं तापमान १.२१ अंशांनी वाढलेलं निघालं. पाण्यातलं हरितद्रव्य १९७९नंतर तिपटीनं वाढलं होतं, आणि कोमट पाण्यात सुखावणाऱ्या क्लॅडोसेरा या प्लवकांची संख्या १९४६च्या मानाने ३३५ टक्क्यांनी. एवढ्या अवाढव्य, एवढ्या गार पाण्याला हवेतले बदल लवकर शिवणार नाहीत असा तोवरचा समज होता. बर्फाचा हंगामही गेल्या शतकभरात दोन आठवड्यांहून जास्त आखडला आहे.

दोन आठवडे म्हणजे आपल्याला फार वाटत नाहीत. पण बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सुटतो, तेव्हा आवलाकोसैराच्या वाट्याचे काचेखालचे दिवस कमी होतात. उन्हाळा लांबला की वरचा कोमट थर जास्त काळ घट्ट बसतो, खालचं खत वर यायला वेळ लागतो आणि पाणी जाडजूड डायटमांऐवजी अगदी बारीक निळ्या-हिरव्या पेशींच्या हातात जातं, ज्या थोड्या खतावरही भागवू शकतात. नेरपाला पिल्लू दूध तोडेपर्यंत आणि स्वतःचे जुने केस झडून होईपर्यंत पायाखाली बर्फ लागतो; तो आधीच फुटला तर दोन्ही कामं अर्धी राहतात. पुढे हिम जास्त पडेल की कमी, वारा ते झाडेल की राहू देईल, यावर पिकाचं काय होईल हे ठरणार, आणि ते थर्मामीटरवर दिसत नाही. त्यासाठी बर्फावर जाऊन वर किती हिम आहे हे मोजावं लागतं, भोक पाडावं लागतं, तबकडी सोडावी लागते, आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरचा आकडा वहीत लिहावा लागतो.